पंप लावला की लाल दिवा: इन्व्हर्टर जनरेटर अचानक आलेला लोड का सोडून देतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. दोन केव्हीएचा पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटर दिवे, पंखे, टीव्ही तासन्‌तास विनातक्रार चालवतो. पण पंप, फ्रिज किंवा कटर मशीन लावलं रे लावलं की लाल दिवा लागतो आणि पुरवठा तुटतो. नेमप्लेटवरच्या वॉटची बेरीज करावी तर ती जनरेटरच्या क्षमतेच्या निम्मीही भरत नाही. मग जनरेटरच बिघडलाय असं ठरतं. कार्बोरेटर उघडला जातो, प्लग बदलला जातो, आणि पुढच्या खेपेला पंप लावल्यावर पुन्हा तोच लाल दिवा.

अशी कित्येक यंत्रं प्रत्यक्षात धडधाकट असतात. म्हणून पान्याला हात घालण्याआधी पुरवठा तुटतो त्या क्षणी आधी कोण हरतं ते ओळखायचं: इंजिन, इन्व्हर्टर (म्हणजे जनरेटरच्या आतला, सॉकेटची वीज घडवणारा इलेक्ट्रॉनिक डबा), की समोरचं उपकरण. हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

आधी कान, मग पाना

लोड लावताना जनरेटरपासून दोन-तीन मीटरवर उभं राहा आणि आवाज ऐका. मदतीला कुणी असेल तर त्याला पॅनेलवरच्या दिव्यांकडे बघायला सांगा.

इंजिनाचा आवाज फारसा बदलला नाही, लाल ओव्हरलोड दिवा लागला, हिरवा आउटपुट दिवा विझला आणि इंजिन मजेत चालूच राहिलं, तर इन्व्हर्टरने स्वतःला वाचवलंय. करंट त्याच्या मर्यादेबाहेर गेला. अशा वेळी कार्बोरेटर साफ करून काहीही मिळत नाही.

इंजिन आधी दबलं, आवाज खाली बसला, एक-दोन आचके दिले आणि मग पुरवठा गेला किंवा इंजिनच बंद पडलं, तर इंजिनाला वेळेवर ताकद उभी करता आली नाही. त्याचं कारण इको मोड (लोड कमी असताना इंजिन हळू चालवणारी सोय) असू शकतं, इंधन, हवा, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) किंवा सायलेन्सरही असू शकतो.

पुरवठा तुटत नाही, पण दिवे मंदावतात, मोटर घुमते आणि फिरत नाही, असं झालं तर इन्व्हर्टर करंट रोखून धरतोय आणि त्यामुळे व्होल्टेज पडतंय. हा प्रकार सगळ्यांत घातक, कारण जनरेटरवर काहीच दिसत नाही आणि तिकडे मोटरची वाइंडिंग तापत असते. घुमणारी मोटर दोन-तीन सेकंदांत फिरली नाही तर लगेच बंद करा. 'बघू, घेईल वेग' म्हणून थांबू नका.

तेलाचा दिवा लागून इंजिन बंद पडलं तर गोष्टच वेगळी. तेल कमी असेल किंवा यंत्र उतारावर असेल तर झटक्याने कमी तेलाचा सेन्सर काम करतो. सपाट जागा, काठोकाठ तेल, आणि पुन्हा प्रयत्न.

आत काय घडतं

साध्या जनरेटरमध्ये अल्टरनेटरमधून निघालेली वीज थेट सॉकेटवर येते. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर अडकवलेलं असतं, कारण दोन पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी तेवढ्याच फेऱ्या लागतात. जड रोटर आणि फ्लायव्हीलमध्ये बरीच ऊर्जा साठलेली असते आणि तांब्याची वाइंडिंग काही क्षण दोन-तीन पट करंट सहन करते. मोटर लावली की इंजिन गुरगुरतं, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही पडतात, आणि मग सगळं सावरतं.

इन्व्हर्टर जनरेटरची रचना मुळातच वेगळी. कायम चुंबकाचा, पुष्कळ पोलचा हलका अल्टरनेटर शेकडो हर्ट्झची तीन फेज वीज बनवतो. ती रेक्टिफायरमधून डीसी होते, कपॅसिटरमध्ये थांबते, आणि ट्रान्झिस्टरचा पूल तिचे हजारो तुकडे करून २३० व्होल्टची गुळगुळीत साइन लहर पुन्हा घडवतो. फ्रिक्वेन्सी मायक्रोकंट्रोलर ठरवतो, त्यामुळे इंजिनाच्या फेऱ्या वरखाली झाल्या तरी ५० हर्ट्झ हलत नाही. याच सोयीमुळे इंजिन लोड कमी असताना हळू चालू शकतं, पेट्रोल वाचतं आणि आवाज कमी होतो.

या सोयीची किंमत अचानक आलेल्या लोडला मोजावी लागते. ट्रान्झिस्टरला तांब्याच्या वाइंडिंगसारखी सहनशक्ती नसते, तो क्षणार्धात जळतो. म्हणून सॉफ्टवेअर करंटवर सतत नजर ठेवतं आणि मर्यादा ओलांडली की हात आखडता घेतं किंवा पुरवठा तोडतं. शॉर्टसर्किटसारखा करंट दिसला तर तत्काळ तोडतं, थोडा जास्त दिसला तर काही सेकंद वाट पाहतं.

दुसरी अडचण कपॅसिटरची. समजा डीसी बसवर (रेक्टिफायर आणि ट्रान्झिस्टर यांच्या मधल्या डीसी जोडणीवर) १,००० मायक्रोफॅरड आहेत आणि व्होल्टेज ३६० आहे. साठलेली ऊर्जा झाली सुमारे ६५ ज्यूल. पण ती सगळी वापरता येत नाही, कारण २३० व्होल्टच्या लहरीचं शिखर ३२५ व्होल्टवर असतं आणि बस त्याखाली गेली की शिखर कापलं जातं. ३६० ते ३२५ या पट्ट्यात हाती लागतात फक्त १२ ज्यूल. दोन हजार वॉटचा लोड ते ६ मिलिसेकंदांत संपवतो. ५० हर्ट्झचं अर्धं आवर्तनसुद्धा १० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे त्यापुढची सगळी ऊर्जा फिरत्या इंजिनातूनच यायला हवी, आणि थ्रॉटल उघडणारी स्टेपर मोटर त्या वेगाने धावू शकत नाही.

इको मोडचा घोळ इथेच सुरू होतो. फिरत्या वस्तूतली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. इंजिन ४,५०० ऐवजी ३,००० फेऱ्यांवर असेल तर तिच्यातला साठा सव्वादोन पटीने कमी असतो, आणि त्या फेऱ्यांवर इंजिनाची ताकदही कमी असते. म्हणजे नेमका सर्वांत जड क्षण सर्वांत अशक्त इंजिनावर येतो.

दहा मिनिटांची चाचणी, जी सगळ्यांनी आधी करावी

दोष जनरेटरचा की मोटरचा, याचं उत्तर हीटर देतो. किटली, इस्त्री, शेगडीची कॉइल यांना स्टार्टिंग करंट जवळपास नसतो. जेवढे वॉट लिहिलेत तेवढेच ती घेतात. १.८ केव्हीए रेटेड जनरेटरसाठी चाचणी अशी करा:

१. यंत्र मोकळ्या हवेत, सपाट जागी, चारही बाजूंनी एक मीटर जागा सोडून ठेवा. धूर दारा-खिडक्यांपासून दूर जाईल असं तोंड करा आणि घरापासून किमान सहा मीटर अंतर राखा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. व्हरांडा, गॅरेज, उघड्या शटरची खोली, यांतली एकही जागा चालत नाही.

२. इको बंद. चोक पूर्ण आत. पाच मिनिटं रिकामं चालवून गरम करा.

३. रिकाम्या आउटपुटचं व्होल्टेज मोजा. २३० च्या आसपास स्थिर हवं.

४. सुमारे १,००० वॉटची इस्त्री लावा. व्होल्टेज पुन्हा मोजा. चार-पाच व्होल्टहून जास्त घट दिसू नये.

५. इस्त्री काढून १,५०० वॉटची किटली एका झटक्यात लावा. इंजिन क्षणभर दबून सावरायला हवं. किटलीत पाणी भरून दहा मिनिटं लोड टिकतो का ते पाहा.

६. आता इको चालू करून तीच किटली पुन्हा एका झटक्यात लावा.

पाचव्या पायरीत पास आणि सहाव्यात नापास झालं तर यंत्र निरोगी आहे, फक्त इको तुमच्या कामाला जुळत नाही. पाचव्यातच इंजिन दबून मरत असेल तर पुढे इंजिनाबद्दलचा भाग आहे तिकडे जा. दोन्हींत पास होऊनही पंप लागत नसेल तर जनरेटरला हात लावू नका, दोष पंपात किंवा गणितात आहे.

गणित कुठे चुकतं

नेमप्लेटवर दोन आकडे असतात. मोठा आकडा कमाल, लहान आकडा रेटेड. जाहिरातीत मोठा छापतात. कमाल क्षमता थोड्या वेळापुरती असते, किती वेळ ते मॅन्युअल सांगतं. कायमचा लोड रेटेडच्या आतच ठेवायचा. शिवाय ती क्षमता व्हीएमध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर) असते आणि तुमच्या उपकरणावर वॉट लिहिलेले असतात. १.८ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला ७.८ अँपिअर, आणि इन्व्हर्टरला अँपिअर कळतात, वॉट नाही.

इंडक्शन मोटर सुरू होताना रनिंग करंटच्या साधारण चार ते सात पट करंट ओढते. अर्ध्या एचपीचा पंप चालताना साधारण चार अँपिअर घेतो, सुरू होताना अठरा-वीस मागतो. ९.५ अँपिअरवर (म्हणजे सुमारे २.२ केव्हीएच्या कमाल क्षमतेवर) अडणाऱ्या इन्व्हर्टरकडून तो कसा चालतो, असा प्रश्न पडेल. कधी चालतो, कधी नाही, आणि या 'कधी कधी'चं कारण समजून घेण्यासारखं आहे. थांबलेली मोटर २३० व्होल्टला १८ अँपिअर घेते म्हणजे तिचा अडथळा सुमारे १३ ओहम. इन्व्हर्टरने करंट ९.५ वर रोखला तर मोटरला १२० व्होल्टच मिळतात. मोटरचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे हाताशी उरतो जेमतेम २८ टक्के. तेवढ्यावर हलका पंप हळूहळू वेग घेतो आणि वेग घेतला की करंट आपोआप उतरतो. पण बेअरिंग जड असेल, पाण्याचा दाब समोर असेल किंवा स्टार्ट कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा पीळ देणारा) कमजोर झाला असेल तर मोटर तिथेच घुमत राहते. म्हणून काल लागलेला पंप आज लागत नाही.

एक एचपीचा सिंगल फेज पंप दोन केव्हीएच्या यंत्रावर लावायचा नादच सोडावा. तो चालतानाच सहा-सात अँपिअर घेतो आणि सुरुवातीला तीसच्या पुढे मागतो.

खरा आकडा मिळवायचा असेल तर मेन लाइनवर, इनरश मोड (सुरुवातीचा झटका टिपणारा) असलेल्या क्लॅम्प मीटरने मोजा. नुसतं कमाल वाचन धरून ठेवणारं साधं मीटर पहिल्या काही मिलिसेकंदांचा झटका पकडत नाही. क्लॅम्प एकाच वायरभोवती घालायचा. पूर्ण केबलभोवती घातला तर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतं. कॉम्प्रेसरच्या लेबलवर एलआरए नावाचा आकडा असेल तर तोच जाम रोटरचा करंट, तो थेट गणितात घ्या.

कोणतं उपकरण कसं वागतं

फ्रिज. चालताना शंभर-दीडशे वॉट, पण साध्या कॉम्प्रेसरला सुरू होताना पाच ते दहा अँपिअरचा झटका लागतो, अर्ध्या सेकंदाहून कमी वेळासाठी. एकटा फ्रिज लागतो. अडचण येते ती इतर लोड आधीच सहा अँपिअर घेत असताना फ्रिज थर्मोस्टॅटवर स्वतःहून सुरू होतो तेव्हा. मध्यरात्री पुरवठा तुटला आणि कोणी काही लावलंच नव्हतं, तर पहिला संशय फ्रिजवर घ्यावा. पुरवठा तुटल्यावर लगेच पुन्हा चालू करू नका. कॉम्प्रेसरमधला दाब समान व्हायला आणि स्टार्टिंगचा पीटीसी रिले थंड व्हायला पाच मिनिटं द्या, नाहीतर दुसरा प्रयत्न पहिल्याहून जड जातो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रिजला आणि एसीला हा झटका नसतो, ते वेग हळूहळू वाढवतात.

पंप. साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह जवळपास बंद ठेवून मोटर सुरू केली तर लोड कमी येतो. वेग आला की व्हॉल्व्ह हळू उघडायचा. पण घरात वापरतात त्या छोट्या सेल्फ प्रायमिंग पेरिफेरल पंपाला हे उलट लागू होतं: व्हॉल्व्ह बंद असताना तो सर्वांत जास्त ताकद खातो. त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवूनच सुरू करा. एका पंपाची युक्ती दुसऱ्यावर वापरल्याने बऱ्याच जणांची फसगत होते. बरेच दिवस पडून असलेला पंप आधी वीज पूर्ण काढून, पंख्याच्या बाजूने हाताने दोन फेऱ्या फिरवून मोकळा करा.

एअर कॉम्प्रेसर. बंद होताना फुस्स असा आवाज यायला हवा. तो अनलोडर व्हॉल्व्हचा असतो, पिस्टनवरची हवा सोडून देणारा. आवाज येत नसेल किंवा चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर पिस्टनला टाकीच्या दाबाविरुद्ध सुरुवात करावी लागते आणि इन्व्हर्टर हमखास तुटतो. टाकी रिकामी करून पाहा. रिकाम्या टाकीवर सुरू होत असेल तर जनरेटर निर्दोष, व्हॉल्व्ह दोषी.

ग्राइंडर, ड्रिल, मिक्सर. यांत ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते. झटका मोठा पण फार छोटा. चार इंची ग्राइंडर दोन केव्हीएवर इको बंद ठेवून सहसा लागतो. सात इंचीच्या दोन हजार वॉटच्या पुढच्या यंत्राला आत सॉफ्ट स्टार्ट (वेग हळूहळू वाढवणारी सोय) नसेल तर ते लावू नका.

मायक्रोवेव्ह. दारावर लिहिलेले ८०० वॉट हे अन्नाला मिळणारे. तो सॉकेटमधून बाराशे-तेराशे घेतो, आणि जुन्या पद्धतीचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर असेल तर चालू होताना वेगळा झटका देतो.

एलईडी पॅनेल, संगणक, चार्जर. यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर. पॉवर फॅक्टर (वॉट भागिले व्हीए) सुधारणारं सर्किट नसलेला स्विच मोड सप्लाय (चार्जर, संगणकातला वीजपुरवठा) करंट सलग घेत नाही, लहरीच्या शिखरावर टोचून घेतो. अशा सप्लायचा १,००० वॉटचा लोड धरा. पॉवर फॅक्टर ०.६५ असेल तर तो ६.७ अँपिअर भरतो. सरासरी ठीक वाटते. पण शिखराचा करंट सरासरीच्या अडीच पट, म्हणजे १७ अँपिअरच्या घरात जातो. ९.५ अँपिअरच्या साइन करंटचं शिखर असतं साडेतेरा. इन्व्हर्टर शिखर बघतो आणि तोडतो. हजार वॉटला दोन केव्हीए कमी कसे पडले, याचं उत्तर हे आहे. उपाय: असे सप्लाय एकाच बटणावर न लावता गटागटाने, काही सेकंदांच्या अंतराने लावा, आणि एकूण वॉट रेटेडच्या अर्ध्यावर थांबवा.

घरच्या बॅटरी इन्व्हर्टरचा चार्जरही याच जातीचा. वीज आल्यावर तो घराचा लोड अधिक उतरलेल्या बॅटरीचं चार्जिंग एकदम जनरेटरवर टाकतो. चार्जिंग करंट कमी करण्याची सोय असेल तर आधी तो कमी करा.

रोजचा क्रम

जनरेटर गरम झाल्यावर, इको बंद ठेवून, सर्वांत जड मोटर सर्वांत आधी लावा. तिचा आवाज सरळ झाला, इंजिन स्थिर झालं की दहा-पंधरा सेकंदांनी पुढची. दिवे, पंखे, चार्जर शेवटी. अनेकजण नेमकं उलट करतात, कारण अंधारात दिवा आधी हवा असतो. दोन-चार एलईडी दिव्यांनी बिघडत नाही, पण हीटर किंवा इस्त्री आधी लावून मग पंप लावला तर पुरवठा जाणारच.

इको केव्हा चालू ठेवायचा? ज्या लोडमध्ये स्वतःहून चालू-बंद होणारी एकही मोटर नाही, तेव्हा. फ्रिज किंवा प्रेशर पंप जोडलेला असेल तर थोडं जास्त पेट्रोल जळू द्या. इको वर-खाली करत रात्र काढण्यापेक्षा ते परवडतं.

पुरवठा तुटला की आधी सगळे प्लग काढा, मग रीसेट करा. काही यंत्रांना रीसेट बटण असतं, बऱ्याच यंत्रांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. लोड जोडलेला ठेवून रीसेट केलं तर सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि पहिल्याहून मोठा झटका बसतो.

वायर हा छुपा लोड

लांब, बारीक एक्स्टेंशनने बिघडलेले प्रसंग मोजायला गेलं तर यादी संपणार नाही. ३० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. लवचीक वायरसाठी हिशेब असा: ०.७५ चौरस मिमीला १.५६ ओहम, १.५ ला ०.८, २.५ ला ०.४८. वीस अँपिअरच्या झटक्याला पहिली ३१ व्होल्ट खाते, दुसरी १६, तिसरी दहाच्या आत. आधीच इन्व्हर्टर व्होल्टेज पाडतोय, त्यातून उरलेलं वायर खाते, आणि मोटर जागेवर घुमते. पंपासाठी २.५ चौरस मिमी वापरा, रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळात उष्णता अडकते आणि इन्सुलेशन वितळतं. जमेल तिथे जनरेटरच पंपाजवळ न्यावा.

घराच्या वायरिंगला दोन्ही बाजूंनी पिन असलेल्या वायरने वीज कधीही देऊ नका. मेन चुकून चालू राहिला तर लाइनवर काम करणाऱ्याचा जीव जातो. घर जोडायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

इंजिन खरंच कमी पडत असेल तर

किटलीच्या चाचणीत इंजिन दबत असेल तर या क्रमाने जा, स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी.

चोक पूर्ण आत आहे ना? अर्धवट चोकवर रिकामं इंजिन छान चालतं आणि लोडवर काळा धूर सोडून बसतं. मग टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र. ते बंद असेल तर इंजिन वीस-तीस मिनिटं नीट चालतं आणि मग कोरडं पडल्यासारखं मरतं. झाकण सैल केल्यावर सुधारलं तर दोष सापडला. काही झाकणांवर चालू-बंदची चकती असते, ती चालूवर हवी.

एअर फिल्टरचा फोम धुवा, पिळू नका, दाबून वाळवा, तेलाचे थेंब लावून जास्तीचं तेल दाबून काढा. तेलात निथळणारा फोमही हवा अडवतो.

महिन्याहून जुनं पेट्रोल काढून टाका. कार्बोरेटरचा तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटी रिकामी करा. इंजिन थंड असताना, आगीपासून लांब. मेन जेट अर्धा तुंबला असेल तर लक्षण ठरलेलं: रिकामं ठीक, अर्ध्या लोडला ठीक, पूर्ण लोडला दबणार, आणि चोक थोडा ओढला की सुधारणार. जेट तारेने टोकरू नका. भोक रुंदावलं की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. याउलट इको मोडमध्ये रिकामं इंजिन वर-खाली हेलकावत असेल आणि इको बंद केल्यावर सरळ होत असेल तर पायलट जेट किंवा इनटेकच्या गॅस्केटमधली हवेची गळती शोधा.

सायलेन्सरमधली ठिणगीरोधक जाळी विसरू नका. मुख्यतः इकोवर, कमी लोडवर चाललेल्या यंत्रात ती काजळीने बुजते आणि इंजिनाला श्वास सोडता येत नाही. दर १०० तासांनी काढून तारेच्या ब्रशने झाडा. प्लगचा गॅप बहुतेक छोट्या इंजिनांत ०.६ ते ०.७ मिमी असतो.

झाकण उघडून थ्रॉटलची स्टेपर मोटर पाहता येते. इंजिन सुरू करताना ती हलते आणि लोड लावताच थ्रॉटल उघडते. लोड आला तरी ती हललीच नाही तर तिचा कनेक्टर सैल किंवा गंजलेला असू शकतो, किंवा थ्रॉटलची दांडी चिकट झालेली असते. चालू इंजिनाच्या फिरत्या आणि तापलेल्या भागांपासून हात लांब ठेवा.

उंचीचाही हिशेब ठेवा. समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटरला इंजिनाची ताकद साधारण १० टक्क्यांनी घटते. सखल भागात पंप उचलणारं यंत्र डोंगरमाथ्यावर अडलं तर तो बिघाड नव्हे. कायम उंचीवर वापरायचं असेल तर उंचीसाठीचा वेगळा जेट अधिकृत सेवा केंद्रातून बसवून घ्यावा. त्याने मिश्रण सुधारतं, गेलेली ताकद मात्र सगळी परत येत नाही.

झटकाच कमी करायचा असेल तर

स्टार्ट कपॅसिटर आणि रन कपॅसिटर मीटरने मोजा. लिहिलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेलेला बदला. मोजण्याआधी वीज काढून, रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. इतक्या स्वस्त उपायाने इतक्या वेळा प्रश्न सुटतो की मोठा जनरेटर शोधण्याआधी हे करावंच.

सॉफ्ट स्टार्टर एसीच्या आणि फक्त रन कपॅसिटर असलेल्या कॉम्प्रेसरला फार चांगला. झटका निम्म्याहून खाली येतो. पण सेंट्रिफ्यूगल स्विच (वेग आल्यावर स्टार्ट वाइंडिंग तोडणारा) असलेल्या मोटरला व्होल्टेज हळू वाढवणारा साधा सॉफ्ट स्टार्टर लावू नका. मोटर वेग घ्यायला उशीर लावते, तोवर स्टार्ट वाइंडिंग जोडलेलीच राहते आणि जळते. हार्ड स्टार्ट किटचं काम वेगळं आहे: ते पीळ वाढवून सुरुवात लवकर उरकतं, पहिल्या झटक्याचं शिखर मात्र उतरवत नाही. नवीन पंप घ्यायचाच असेल तर थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) ही जोडी घ्या. तीन-पाच सेकंदांच्या रॅम्पवर ती रनिंग करंटच्या फारसं वर जात नाही. फक्त व्हीएफडीसुद्धा शिखरावर करंट टोचून घेतो, म्हणून मोटरच्या वॉटच्या दुप्पट व्हीए धरा.

दोन एकसारखे जनरेटर कंपनीच्या पॅरलल किटने जोडले तर झटका सोसायची ताकद जवळपास दुप्पट होते. ते एकमेकांशी लहर जुळवून घेतात. मोठा लोड लावण्याआधी दोघांचेही हिरवे दिवे लागलेले हवेत आणि दोघांचाही इको एकाच स्थितीत हवा. साधा जनरेटर आणि इन्व्हर्टर जनरेटर मात्र कधीही एकत्र जोडू नका, पहिल्याच क्षणी इन्व्हर्टर जळेल.

दिवसातून थोडाच वेळ मोटर चालवायची असेल तर बॅटरी पॉवर स्टेशन मध्ये घालण्याचा मार्ग आहे. जनरेटर सावकाश, एका ठरावीक वॉटवर पॉवर स्टेशन चार्ज करतो आणि मोटरचा झटका बॅटरी सोसते. पॉवर स्टेशनचा क्षणिक क्षमतेचा आकडा मोटरच्या मोजलेल्या झटक्याहून मोठा असल्याची खात्री करून घ्या. आणि जनरेटर जोडलेला असताना ते त्याची वीज तशीच पुढे सोडत असेल तर मोटर सुरू करताना जनरेटरची वायर काढून ठेवा, नाहीतर झटका पुन्हा जनरेटरवरच येतो.

दुरुस्तीला केव्हा द्यावा

एकही प्लग जोडलेला नसताना, इंजिन नीट चालत असताना लाल दिवा लागतो. रीसेट करूनही आउटपुट येत नाही. इस्त्रीसारख्या साध्या लोडवरही व्होल्टेज दोनशेच्या खाली जातं, आणि इंजिनाच्या फेऱ्या मात्र वाढलेल्या ऐकू येतात. यांपैकी काहीही दिसलं तर दोष इन्व्हर्टरच्या डब्यात किंवा अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये आहे. अल्टरनेटरकडून येणाऱ्या तीन वायरींचा परस्परांतला रोध इंजिन बंद असताना मोजून पाहता येतो: तिन्ही जोड्यांचं वाचन सारखं यायला हवं आणि कुठलीही वायर इंजिनाच्या धातूला लागलेली नसावी. एक जोडी वेगळी दिसली तर वाइंडिंग गेली. तिन्ही सारख्या असतील तर इन्व्हर्टर युनिट पूर्ण बदलावं लागतं. ते राळेत बुडवलेलं असतं आणि सुटे भाग निघत नाहीत. इंजिन बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये साडेतीनशे व्होल्टच्या पुढे वीज राहू शकते, त्यामुळे युनिटच्या कनेक्टरला हात लावण्याआधी मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा.